माहीत असणाऱ्याचे कर्तव्य

संमतिवयाच्या कायद्याचा वाद आपण बहुधा टिळक-आगरकर संघर्षातील एक प्रकरण म्हणून शिकतो आणि तसाच शिकवतो. एका बाजूला 'केसरी', दुसऱ्या बाजूला 'सुधारक', आणि मध्ये सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालावा की नाही हा प्रश्न. त्या काळचे लेखन वाचताना युक्तिवादाचा आवेश, शास्त्रार्थाचा खल आणि उपरोधाची धार यांत आपण इतके रमतो, की हा सारा वाद जिच्या मृत्यूने पेटला ती मुलगी नजरेआड होते. तिच्यापासून सुरुवात करून आम्हाला येथे एकच प्रश्न विचारायचा आहे: मुलावर अत्याचार होत असल्याचे ज्याला माहीत आहे, त्याने ते सांगितलेच पाहिजे, असे कायदा केव्हापासून म्हणू लागला?

फुलमणी दासी १८९० साली कलकत्त्यात, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास, नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. तेव्हाच्या दंडसंहितेत वयाची मर्यादा १० वर्षांची होती. ती ओलांडलेली असल्यामुळे नवरा बलात्काराचा गुन्हेगार ठरू शकला नाही. बेपर्वाईने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. न्यायालयात तिच्या आईने साक्ष दिली, पण ती मुलगी गेल्यानंतर. त्याच वर्षी हिंदुस्थानात काम करणाऱ्या अनेक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयांकडे अर्ज केला आणि आपण तपासलेल्या बालपत्नींच्या जखमांची हकीकत त्यात मांडली. असे सांगण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. त्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी सांगितले.

१९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला आणि मर्यादा १२ वर्षांवर गेली. परंतु गुन्हा उघडकीस आणायचा कोणी, याविषयी तो गप्प होता. १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तिच्या ४४ व्या कलमात गुन्ह्यांची एक यादी आहे. त्यांची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवावी, अशी आज्ञा आहे. यादीत राजद्रोही कट आहेत, खून, दरोडा आणि रात्रीची घरफोडी आहे, बलात्कार नाही. उलट ५६१ व्या कलमाने पत्नीवरील बलात्काराच्या फिर्यादीची दखल घेण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि प्रेसिडेन्सी शहरांतील मुख्य मॅजिस्ट्रेट यांच्यापुरताच ठेवला. शेजाऱ्याची तिजोरी फुटताना पाहणाऱ्याने बोललेच पाहिजे. शेजारची मुलगी ओरडताना ऐकणाऱ्याने बोलले नाही तरी चालेल. १९७३ ची नवी संहिता आली, तरी यादीतील ही उणीव राहिलीच.

दरम्यान अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांवर निबंध प्रसिद्ध केला. मोडलेली हाडे पाहूनही आईबापांवर संशय घ्यायला डॉक्टर कचरतात, असे त्यांना दिसले होते. पुढच्या अवघ्या पाच वर्षांत तिथल्या सर्व राज्यांनी अशा संशयाची खबर देणे बंधनकारक करणारे कायदे केले.

भारतात ही सक्ती १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याने आली, आणि तीही लैंगिक अत्याचारापुरती. त्याचे १९ वे कलम 'कोणतीही व्यक्ती' असे म्हणते. अपराध घडल्याचे जिला माहीत आहे किंवा घडण्याची धास्ती वाटते, तिने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, आणि गप्प राहिल्याबद्दल मुलाला शिक्षा होत नाही. बोलण्याचे ओझे कायद्याने मुलाच्या खांद्यावरून उचलून मोठ्यांच्या खांद्यावर ठेवले.

ते उचलणे सोपे नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या प्रकरणात दिसले. वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहीत असून गप्प राहणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. आरोप खरा की खोटा, याचा निवाडा तिथे झाला नाही. तो खटल्याचा विषय होता. पण ज्या व्यवसायातल्या स्त्रिया १८९० मध्ये सक्तीवाचून बोलल्या, त्याच व्यवसायातील मौनावर सव्वाशे वर्षांनी न्यायालयाला बोलावे लागले.

सक्तीला दुसरी बाजूही आहे. पोलिसांच्या भीतीने एखादी अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी डॉक्टरकडे जाणेच टाळते. म्हणून २९ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच न्यायालयाने, संमतीच्या संबंधातून गर्भ राहिला असल्यास आणि मुलीची व पालकांची तशी विनंती असल्यास, डॉक्टरने खबरीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे ठरवले. खबर मुलीसाठी द्यायची आहे, तिच्याविरुद्ध नव्हे, याची ती आठवण होती.

आपण शिक्षक आहोत. मूल कधी निबंधाच्या वहीत, कधी वर्गातल्या अबोलपणात काहीतरी सांगून जाते. आपण ते वाचतो, शुद्धलेखन तपासतो आणि पुढची वही उघडतो. १८९१ च्या वादात सगळे बोलले, आणि जिच्याविषयी बोलले तिचे ऐकण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ती आता आपली आहे.