पंढरीहून उलट निघालेली वाट

श्रोते हो, आषाढीला आपली पावले पंढरीकडे वळतात. पण ज्यांच्या नावाच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून आपण तिथे जपून चालतो, ते नामदेव महाराज मात्र उलट, उत्तरेकडे चालत गेले.

कयाधू नदीकाठचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानतात, जन्मसाल १२७०. ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली ज्ञानदेव समाधिस्थ झाले, आणि परंपरा सांगते की पुढे नामदेव पंजाबात जाऊन घुमान गावी राहिले. आता पंढरीचा लाडका भक्त पंढरी सोडून इतका दूर का गेला, हे कोडे अभ्यासकांना आजही सुटलेले नाही.

पण तो नुसता गेला नाही. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. भाषा हिंदी वळणाची, मधूनच मराठी शब्द डोकावतो. त्यातच ती हकिगत आहे: जातीवरून देवळातून उठवले, ते मागे जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले! नरसीच्या माणसाला विचारा, तो चटकन औंढ्याकडे बोट दाखवील. नागनाथाचा नंदी समोर नाही, मागे आहे, हीच त्याची खूण म्हणतात. औंढ्याचे हे दुखणे तिकडे पंजाबात रोज भक्तीने वाचले जाते, आणि आपल्या कित्येक घरांत त्याची दादही नाही.

गुरुजी, मुलांना नकाशावर आळंदी-पंढरपूर दाखवताच. एकदा नरसीपासून घुमानपर्यंत रेघ ओढायला सांगा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारे शीख यात्रेकरू वाट वाकडी करून नरसीला येतात, ते याच रेघेवरून.