साबेर व कोनोसेर
स्पॅनिश भाषेतील ‘जाणणे’ या अर्थाची दोन क्रियापदे. साबेर (लॅटिन सापेरे) माहिती व कौशल्य यांसाठी योजतात : ‘से नादार’ – मला पोहता येते. व्यक्ती, स्थळ, कलाकृती यांच्या परिचयासाठी कोनोसेर (लॅटिन कोग्नोस्केरे, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी उच्चार ‘कोनोथेर’) येते. कर्म विशिष्ट व्यक्ती असल्यास त्याआधी ‘आ’ लागतो : ‘कोनोस्को आ मारिया’ – मी मारियाला ओळखतो, ‘कोनोस्को माद्रिद’मध्ये तो नाही. मारियाचा पत्ता ठाऊक असेल, तर मात्र सामान्यतः साबेर वापरतात. साध्या भूतकाळात अर्थ पालटतो : ‘सुपे’ म्हणजे मला कळले, ‘कोनोसी आ मारिया’ म्हणजे मारियाशी माझी ओळख झाली. साबेर चवीसाठीही वापरतात : ‘साबे आ लिमोन’ – लिंबासारखे लागते.