जांभ्याचं झाकण : गोव्याच्या डोंगरांखालची माती

तुमच्यापैकी कुणाचं गाव कोकणात किंवा गोव्यात असेल, तर चिरेखाण पाहिलीच असेल. जमिनीतून चौकोनी लाल दगड कापून काढतात, त्याचंच घर आणि त्याचाच गडगा. हा जांभा. आजची गोष्ट त्याची, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पोटात काय दडलंय त्याची.

जांभ्याला शास्त्रातलं नाव १८०७ मध्ये मिळालं. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरला म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या पाहणीला पाठवलं. मलबारात अंगाडिपुरमला त्याने पाहिलं, की ही माती जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येते, आणि हवेत उघडी राहिली की विटेसारखी घट्ट होते. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून 'लॅटराइट'. आपल्या गवंड्यांना हे आधीपासून माहीत होतं. पण पुस्तक बुकाननने लिहिलं ना!

आता गोव्यातला डिचोली किंवा सांगेकडचा खनिजाचा डोंगर केकसारखा उभा कापलाय असं समजा. सगळ्यात वर जांभ्याचं कवच. लाखो वर्षांच्या पावसाने बाकीची द्रव्यं धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्यानेच सगळं जखडून धरलंय. इथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी सडा जागचा हलत नाही. राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं अजून दिसतात, यावरून काय ते समजा.

पण कवचाखाली कारभार वेगळा. तिथे पांढरी, गुलाबी, जांभळट चिकणमाती, ओली झाली की साबणासारखी. त्याखाली कुजलेला, हाताने चुरडता येईल असा खडक. मध्येमध्ये लोहखनिज, तेही पुष्कळदा भुकटीच. म्हणजे अख्खा डोंगर भुसभुशीत आणि वर एक घट्ट झाकण. खाण सुरू होते ती हे झाकण काढून.

पोर्तुगीज काळात खाणींचे परवाने दिले गेले, तेही एकेक जास्तीत जास्त १०० हेक्टरचे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस निर्यात सुरू झाली, मग जपानची मागणी आली, यंत्रं आली. २०१०-११ पर्यंत गोव्याच्या बंदरांतून वर्षाला ५ कोटी टनांहून जास्त खनिज जाऊ लागलं. आता हिशोब करा. एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावे लागतात. ते टाकायचे कुठे? १०० हेक्टरात खड्डाही आणि ढिगाराही मावत नाही. मग ढिगारे उंच आणि उभे होत गेले, काही तर परवान्याच्या हद्दीबाहेर. हद्दीबाहेर माती टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावं लागलं.

या ढिगाऱ्यात झाकण खाली आणि चिकणमाती वर, असा उलटा मामला. जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की उतारावर बोटभर रुंदीचे ओहोळ पडतात, त्यांच्या घळी होतात. चिकणमातीचे कण इतके बारीक की लवकर खाली बसत नाहीत, ओढ्यातून थेट शेतात आणि कुळागरात जातात. पाणी ओसरलं की भाताच्या खाचरात लाल थर उरतो आणि वाळून कडक होतो. जुलै २०२१ मध्ये सीमेपलीकडे, सिंधुदुर्गातल्या कळणे गावी, खाणीत साठलेलं पाणी कडा फोडून मातीसकट खाली आलं. तो तर एका दिवसाचा प्रकार. शेतातला गाळ दरवर्षीचा.

मग खाणीआधी धोका मोजत नाहीत का? मोजतात. त्यासाठी एक प्रसिद्ध सूत्र आहे, विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांचं, १९६५ मध्ये छापलेलं. पावसाचा जोर, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी आणि तीव्रता, झाडोरा, बांधबंदिस्ती, यांचा गुणाकार. सूत्र उत्तम आहे, पण ते अमेरिकेतल्या शेतजमिनीच्या नोंदींवरून बांधलेलं. त्यात घळी धरलेल्या नाहीत, ढिगारा घसरणं तर नाहीच. शिवाय गुणाकारात मातीचा आकडा कुठल्या मातीचा घालायचा? वरच्या थराचा घातला, तर डोंगर आहे तसा राहिल्यास काय होईल ते कळेल. खाण झाल्यावर पावसात उभी राहणार ती खालची चिकणमाती.

२०१८ मध्ये न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव सुरू झाले. म्हणजे पुन्हा पर्यावरण अहवाल, पुन्हा जनसुनावण्या. सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही मिळतो. तुमच्या गावाच्या वर असा प्रस्ताव आला, तर मातीचं प्रकरण उघडा आणि नमुने किती खोलीवरून घेतलेत ते बघा. वरच्या हातभर मातीचेच असतील, तर सुनावणीत उठून विचारा : झाकणाखालच्या मातीचा नमुना कुठे आहे?