ऑनलाइन शाळेला सरकारी पैसा : मूल मोजायचे कसे?

कोरोनाच्या काळात, २०२०-२१ या वर्षासाठी, महाराष्ट्र सरकारने आरटीईच्या २५ टक्के जागांवरील मुलांची शुल्क प्रतिपूर्ती प्रति विद्यार्थी १७,६७० रुपयांवरून ८,००० रुपयांवर आणली. इमारती बंद होत्या, शिकवणे ऑनलाइन होते, मग पूर्ण पैसे का द्यायचे, असा हिशेब. शाळांनी आरडाओरडा केला, विषय मागे पडला. पण ऑनलाइन शिकणाऱ्या मुलावर सरकारने किती खर्च करावा आणि ते मूल खरेच शिकते आहे हे कोणी तपासावे, हा प्रश्न तसाच राहिला. अमेरिकेत त्यावर पंचवीस वर्षे कोर्टकचेऱ्या चालू आहेत. शिक्षणहक्कावर काम करणाऱ्या आपल्या तरुणांना ही माहिती उपयोगी पडेल, म्हणून आम्ही ती येथे देत आहोत.

अमेरिकेत शालेय शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. पैसा बहुतेक ठिकाणी विद्यार्थीसंख्येवर मिळतो. 'चार्टर' शाळा सरकारी पैशावर चालतात, फी घेत नाहीत, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे असतो. त्यांतील काही पूर्णपणे ऑनलाइन आहेत.

ओहायो राज्यातील 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' ही अशीच शाळा २००० साली सुरू झाली. २०१५-१६ मध्ये तिने सुमारे १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे पैसे घेतले. राज्याच्या शिक्षण विभागाने लॉगिनच्या नोंदी मागितल्या, तेव्हा जेमतेम ६,३०० विद्यार्थ्यांचा पुरावा मिळाला. शाळेचा बचाव ऐकण्यासारखा आहे : वर्षाला ९२० तासांचे शिक्षण उपलब्ध करून देणे एवढेच आमचे काम, मुलाने ते घेतले की नाही याचा पैशाशी संबंध नाही! राज्याने दोन वर्षांचे मिळून सुमारे ८ कोटी डॉलर परत मागितले. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी राज्याची बाजू मान्य केली. तोवर शाळा जानेवारीतच, म्हणजे वर्ष अर्ध्यावर असताना, बंद पडली होती आणि सुमारे १२,००० मुले दुसरी शाळा शोधत होती. संस्थापकाच्या खासगी कंपन्यांना मात्र शाळेच्या कामाचे पैसे वर्षानुवर्षे मिळत गेले होते.

पट मोठा आणि शिक्षण शून्य, हे आपल्याला नवे नाही. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हेच दाखवले होते. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, असे आकडे त्यांनी मांडले. दारूच्या अबकारी करातून सरकार लोकांकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, ही त्यांची मागणी होती.

पेन्सिल्वेनियात दुखणे वेगळे आहे. तेथे मूल ज्या भागात राहते तेथील शाळा-जिल्हा ऑनलाइन चार्टर शाळेला पैसे देतो आणि दर त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या खर्चावरून ठरतो. म्हणजे एकच ऑनलाइन तास ऐकणाऱ्या दोन मुलांसाठी वेगवेगळी रक्कम. बस नाही, जेवणघर नाही, वर्गखोल्या नाहीत, तरी दर बरीच वर्षे इमारतीतल्या चार्टर शाळेसारखाच होता. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये पाच ऑनलाइन शाळांचे हिशेब तपासले. त्यांची शिल्लक २०२० मधील २५.४ कोटी डॉलरवरून २०२३ मध्ये ६१.९ कोटींवर गेली होती. गव्हर्नर जोश शापिरो यांनी २०२४ मध्ये सरसकट ८,००० डॉलरचा दर सुचवला.

फ्लोरिडाने तिसरी वाट धरली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या तेथील सरकारी 'फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल'ला विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच पैसे मिळतात. ही पद्धत आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. तिचा धोकाही उघड आहे : कच्चे मूल नकोसे होणे किंवा त्याला कसेबसे पास करणे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात ऑनलाइन चार्टर शाळांतील मुले सरासरीने गणितात १८० दिवसांच्या, तर वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे आढळली. तेथे शाळेचे वर्षच १८० दिवसांचे धरतात. आजारी मुलाला किंवा शाळेत छळ सोसणाऱ्याला घरून शिकण्याचा आधार लागतो, हे आम्ही नाकारत नाही.

आपल्याकडे तर त्याआधीची पायरीच कच्ची आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात इंटरनेटची सोय सुमारे १५ टक्के घरांत होती, संगणक ४.४ टक्के घरांत. त्यानंतर मोबाइल वाढले, पण एका घरात तीन भावंडे आणि एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर, हे चित्र वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तेव्हा तुमच्या तालुक्यात ऑनलाइन वर्गाची एखादी योजना आली, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकून एवढे तरी विचारा : पैसा पटावर मिळतो की हजेरीवर, हजेरीची नोंद कोण ठेवते, फोन व रिचार्जचा खर्च कोणाच्या नावावर आहे, आणि योजना वर्षाच्या मध्येच बंद पडली तर ही मुले कोणत्या शाळेच्या पटावर जाणार.