कहवा हराम होता, तेव्हाची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक मित्र इस्तंबूलला गेलो होतो. चौघेही नमाजी आणि चौघेही खाण्यापिण्याचे शौकीन. सकाळी तीळ लावलेलं सिमित, चीज आणि ऑलिव्ह. तुर्कीत नाश्त्याला 'कहवाल्ती' म्हणतात, म्हणजे कहव्याच्या आधी खायचं ते. कहवा मागवताना 'सादे' म्हटलं की बिनसाखरेचा, 'शेकेरली' म्हटलं की गोड. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माझ्या कानाला हे शब्द परके वाटलेच नाहीत.

एके दिवशी रुस्तम पाशा मशिदीत जोहरची नमाज पढलो. खाली दुकानं, वर मशीद, आत इझनिकच्या निळ्या फरशा. मग त्याच तहताकाले भागात एका कॉफीखान्यात बसलो. तिथला फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकला, तर एका बुजुर्गांचा मेसेज आला, "मास्तर, मशिदी बघायला गेलात की हॉटेलात बसायला?"

मित्र हसले. मी मात्र विचारात पडलो. कारण हीच तक्रार याच भागात साडेचारशे वर्षांपूर्वी होत होती.

कहव्याची सुरुवात मुळात इबादतीतून झाली. पंधराव्या शतकात यमनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून तो पीत. तिथून तो मक्केत आणि कैरोत पोहोचला. 1511 मध्ये मक्केतला ममलूक अधिकारी खैर बेग याने रात्री लोकांना घोळक्याने कहवा पिताना पाहिलं. त्याने उलेमा आणि हकीम जमवले आणि कहवा हराम ठरवून घेतला. अरबीत 'कहवा' हा शब्द पूर्वी दारूसाठीही वापरला जाई, त्यामुळे संशयाला जागा होतीच. पण कैरोहून सुलतानाचा जो हुकूम आला, त्यात रोख कहव्यावर नव्हता, तो पिण्यासाठी जमणाऱ्या मैफलींवर होता. खरं दुखणं तिथे होतं.

इतिहासकार पेचेवी लिहितो की, 1555 च्या सुमारास हलबचा हकम आणि दमिश्कचा शम्स या दोघांनी तहताकालेत कहवाखाने उघडले. लोक तिथे पुस्तकं वाचत, बुद्धिबळ खेळत, गझला ऐकवत. मग मशिदी ओस पडल्याची ओरड सुरू झाली. कोळशासारखा जळलेला पदार्थ हराम, असाही युक्तिवाद झाला. पण लोक पीतच राहिले. त्याच शतकाच्या अखेरीस शेखुल इस्लाम बोस्तानजादे मेहमेद एफेंदी यांनी कहवा जायज असल्याचा फतवा दिला, तोही काव्यात.

वाद मिटायला हवा होता. पण 1633 मध्ये, शहरात मोठी आग लागून गेल्यावर, सुलतान मुराद चौथा याने कहवाखाने बंद केले. तंबाखू ओढणाऱ्याला तर मृत्युदंड होता. हाच सुलतान स्वतः दारू पीत असे, असं इतिहासकार नोंदवतात. म्हणजे प्रश्न पेल्यात काय आहे हा नव्हताच. कहवाखान्यात शिपाई, कारागीर, मुन्शी शेजारी शेजारी बसत आणि दरबाराबद्दल बोलत. भीती त्याची होती.

कुणी म्हणेल, हा मुसलमानांचाच हट्ट. तसं नाही. 1675 च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानेही कॉफीहाऊस बंद करण्याचा हुकूम काढला होता. तिथेही राजाविरुद्ध बोललं जातं, हेच कारण. लोक इतके बिथरले की काही दिवसांतच त्याला तो मागे घ्यावा लागला. मजहब वेगळा असला तरी सत्तेला वाटणारी धास्ती एकच.

आज तोच कहवा तुर्कांची तहजीब मानला जातो. 2013 मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे तर कॉफी एका सूफीनेच आणली असं सांगतात. बाबा बुडन यांनी यमनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे.

आमच्या बुजुर्गांना मी उलट उत्तर दिलं नाही. त्यांची काळजी खोटी नव्हती. पोरांनी वाया जाऊ नये, नमाज चुकवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण परत आल्यावर मला माझीच एक सवय टोचू लागली. शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर चार पोरं दिसली की मी दुरूनच ओरडायचो, "काय टवाळक्या करताय?" काय बोलताय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

परवा विचारलं. पोलीस भरतीच्या अर्जाबद्दल बोलत होती. मीही एक चहा सांगितला आणि बसलो. तिथे बसल्यावर लक्षात आलं की टपरीवर मुलगी एकही नव्हती. त्यांनी बसून बोलायचं कुठे, हा प्रश्न आता मला पडलाय.