सिकलसेल : मलेरियाने टिकवलेला आजार

रिपोर्टवर ‘सिकलसेल वाहक (एएस)’ असे आले की तुमचा पहिला प्रश्न असतो, “हे आमच्याच घरात कुठून आले?”

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्येही अशा पेशी आढळल्या. पण इतके घातक जनुक पिढ्यानपिढ्या टिकले कसे? उत्क्रांतीत ते गळून पडायला हवे होते. कोडे सोडवले अँथनी अ‍ॅलिसन यांनी, १९५४ मध्ये, पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून. ज्यांच्याकडे असे एकच जनुक असते, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या पट्ट्यात वाहक मुले जास्त जगली, त्यांना मुले झाली, जनुक पुढे गेले. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारमध्ये ते आढळते ते यामुळेच; करणी किंवा शापामुळे नाही.

आजार होण्यासाठी एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून यावे लागते. मग बोल एकट्या सुनेला का? दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिले मूल निरोगी आहे म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. लग्न ठरवताना दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या.