दारूगोळ्याच्या कारखान्यातून यीस्टच्या पेशीपर्यंत : डीएनपीचा प्रवास

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल, म्हणजेच डीएनपी, हे पिवळे रसायन स्फोटकांत मिसळले जाई. ते हाताळणारे कामगार वाळत गेले. त्यांना अतोनात घाम येई, ताप चढे, कित्येक दगावले.

१९३३ साली स्टॅनफर्डच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी तेच रसायन वजन घटवण्यासाठी वापरले. त्यांनी धोक्याचा इशाराही दिला होता. विक्रेत्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. सुमारे लाखभर अमेरिकनांनी ते घेतले. मग मोतीबिंदू आणि मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या आणि १९३८ च्या कायद्यानंतर ते बाजारातून हद्दपार झाले. (चोरट्या विक्रीतून ते आजही बळी घेते.)

हे घडते कसे, याचा धागा १९४८ मध्ये लूमिस आणि लिपमन यांना सापडला : डीएनपीमुळे अन्नाचे ज्वलन चालू राहते, पण त्यातून एटीपी तयार होत नाही. कारण पुढे पीटर मिचेल यांच्या १९६१ च्या सिद्धान्ताने उलगडले. तंतुकणिकेचे आवरण धरणासारखे प्रोटॉन अडवते आणि त्यांच्या प्रवाहावर एटीपी बनते. डीएनपी त्या भिंतीतून प्रोटॉनची चोरवाट काढते. ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

कर्करोगाच्या औषधांशी याचा संबंध १९७३ मध्ये स्पष्ट झाला. केल्ड डानो यांनी दाखवले की औषधाला न जुमानणाऱ्या उंदराच्या कर्कपेशी डॉनोमायसिन ऊर्जा खर्चून बाहेर फेकतात. प्रतिकार फुकटचा नसतो. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग यांनी अशा पेशींच्या आवरणावरील पी-ग्लायकोप्रोटीनचे वर्णन केले. हाच तो पंप. १९८९ मध्ये त्याचा नातलग यीस्टमध्ये मिळाला : मीलनाचा संकेत देणारा रेणू बाहेर सोडणारा एसटीई-६. १९९२ मध्ये तर हा पंप नसलेल्या यीस्टमध्ये उंदराचे एमडीआर-३ जनुक घालताच मीलन पुन्हा होऊ लागले. पावाच्या पिठातला जीव कर्करोगाच्या प्रयोगशाळेत शोभतो, तो यामुळे.

आता या यीस्टला डीएनपी दिले तर? पंप एटीपीवर चालतो. एटीपी घटले की औषध आत साठेल, पेशी लवकर मरेल, ही सरळ अपेक्षा. यीस्ट मात्र बेरकी आहे. भरपूर ग्लुकोज मिळाल्यास ते किण्वनातूनच एटीपी कमावते, तंतुकणिकेवाचून त्याचे फारसे अडत नाही. ग्लिसरॉलवर वाढवलेल्या यीस्टला ही सोय नसते. तेथे डीएनपीचा घाव वर्मी बसतो. पण तेथेही गुंता आहे : ऊर्जेअभावी पेशींचे विभाजन मंदावते आणि विभाजन होणाऱ्या पेशींना टिपणारे औषध बोथट होऊ शकते. शिवाय काही औषधे आत घेण्यासाठीही पेशीला ऊर्जा लागते. त्यामुळे एकच रसायन एका ताटलीत औषधाची धार वाढवते, तर दुसऱ्या ताटलीत पेशीला वाचवते. रुग्णाच्या शरीरात हा प्रयोग डीएनपीने करता येत नाही, कारण त्याच्या परिणामकारक आणि घातक मात्रांत अंतर फारच थोडे आहे.